जिस्टची गाठ कुठे आहे यावर जगणं किती अवलंबून असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिस्ट, म्हणजे पचनमार्गाच्या भिंतीत होणारी एक प्रकारची गाठ, हा शब्द बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो एंडोस्कोपी किंवा सीटी स्कॅन झाल्यावर, नाहीतर ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आल्यावर. मग घरातलं कोणीतरी रात्री जागून शोधायला बसतं आणि त्याला एक तक्ता सापडतो. एका बाजूला जठर, लहान आतडं, गुदाशय आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. आपल्या माणसाची गाठ चुकीच्या रकान्यात आहे असं वाटून झोप उडते. तो तक्ता कसा वाचायचा, त्यात काय आहे आणि काय नाही, हे सांगण्यासाठी हे पान आहे.

जिस्ट म्हणजे पोटाचा कॅन्सरच ना?

नेहमी ज्याला पोटाचा किंवा आतड्याचा कॅन्सर म्हणतात, तो हा नाही. तो कॅन्सर आतल्या अस्तराच्या पेशींपासून सुरू होतो. जिस्ट सुरू होतो भिंतीच्या जाडीत, स्नायूंच्या थरात. तिथे काहाल पेशी असतात. अन्न पुढे ढकलण्यासाठी आतड्याची जी लयबद्ध हालचाल होते, तिचा ठेका या पेशी धरतात. त्यांच्यापासून किंवा त्यांच्या पूर्वपेशींपासून ही गाठ होते, म्हणून ती सार्कोमाच्या, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींपासून होणाऱ्या कॅन्सरच्या, कुटुंबात मोडते.

हा फरक नुसत्या नावाचा नाही. जिस्ट बहुतेक वेळा लसिकाग्रंथींमध्ये जात नाही, नेहमीच्या केमोथेरपीला दाद देत नाही, आणि त्याची स्टेज ठरवण्याचे नियम वेगळे आहेत. शेजारच्या कोणाला जठराचा कॅन्सर झाला होता आणि त्यांचं पुढे काय झालं, या आठवणीवरून जिस्टच्या रुग्णाचं भविष्य ठरवू नका.

ही गाठ कुठे कुठे होते?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकते. निम्म्याहून थोड्या जास्त गाठी जठरात सापडतात. साधारण ३० टक्के लहान आतड्यात असतात आणि त्यातल्या काही ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात. मोठं आतडं आणि गुदाशय मिळून सुमारे ५ टक्के, अन्ननलिकेत १ टक्क्याहूनही कमी. क्वचित ती पचनमार्गाच्या बाहेर, ओमेंटम नावाच्या चरबीच्या पडद्यात किंवा आतडी ज्याला टांगलेली असतात त्या मेसेंटरीत आढळते.

जागेवरून धोका बदलतो, हे कुठून कळलं?

२००२ साली तज्ज्ञांच्या गटाने धोका मोजण्याची जी पहिली सर्वमान्य पद्धत मांडली, तिच्यात दोनच गोष्टी होत्या. गाठ किती मोठी आहे आणि तिच्यातल्या पेशी किती वेगाने विभागतात. जागेचा उल्लेख नव्हता.

जागा आली ती मिएटिनेन आणि लासोटा या दोन पॅथॉलॉजिस्टांच्या कामातून. अमेरिकेच्या सशस्त्र दलांच्या पॅथॉलॉजी संस्थेत जुन्या गाठींचा प्रचंड संग्रह होता. त्यातल्या जठराच्या १,७६५ गाठी त्यांनी पुन्हा तपासल्या आणि ते रुग्ण पुढे किती जगले हे पाहिलं. मग लहान आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागातल्या, म्हणजे जेजुनम आणि इलियममधल्या, ९०६ गाठींचं तसंच केलं. जठराच्या रुग्णांपैकी सुमारे १७ टक्के या आजाराने गेले होते. लहान आतड्याच्या रुग्णांमध्ये हा आकडा ३९ टक्के निघाला, म्हणजे दुपटीहून जास्त. २००६ साली त्यांनी आकार, पेशीविभाजन आणि जागा या तिन्हींचा एकत्र तक्ता मांडला. तुम्हाला रात्री सापडलेला तक्ता बहुधा हाच, किंवा त्यावरून तयार केलेला.

पुढे २००८ मध्ये फिनलंडचे योएन्सू यांनी २००२ च्या जुन्या पद्धतीत जागा आणि गाठ फुटणं या दोन गोष्टी घातल्या. आज जगभरचे डॉक्टर यापैकी एखादी पद्धत वापरतात.

तक्त्यातले आकडे काय सांगतात?

आधी पेशीविभाजनाबद्दल. रिपोर्टात याला माइटोटिक काउंट किंवा माइटोटिक रेट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली ५ चौरस मिलिमीटर जागेत किती पेशी विभागताना दिसल्या, तो हा आकडा. ५ किंवा कमी असेल तर गाठ संथ, ५ पेक्षा जास्त असेल तर वेगवान.

संथ गाठ घ्या, आकार ५ ते १० सेंटिमीटर. ती जठरात असेल तर आजार पसरण्याचं किंवा त्याने मृत्यू येण्याचं प्रमाण ३.६ टक्के. तेवढीच, तितकीच संथ गाठ जेजुनम-इलियममध्ये असेल तर २४ टक्के. १० सेंटिमीटरच्या वर गेली की जठरात १२ आणि लहान आतड्यात ५२.

आता वेगवान गाठ. २ ते ५ सेंटिमीटरची जठरात असेल तर १६ टक्के, लहान आतड्यात ७३. ५ ते १० सेंटिमीटरला हेच आकडे ५५ आणि ८५ होतात.

आता दोन टोकं पाहा. २ सेंटिमीटरपर्यंतची संथ गाठ जठरात असो, लहान आतड्यात असो की गुदाशयात, तक्त्यात धोका शून्य लिहिलेला आहे. आणि १० सेंटिमीटरच्या वरची वेगवान गाठ जठरात ८६ टक्के, लहान आतड्यात ९० टक्के. फरक जवळजवळ पुसला गेला. तेव्हा जागेचं वजन सगळ्यात जास्त पडतं ते मधल्या गाठींवर. गाठ फार लहान आणि संथ असेल तर जागा तिला वाईट करत नाही, आणि फार मोठी व वेगवान असेल तर जठरात असूनही ती माफ करत नाही. "जठरात आहे की आतड्यात" एवढा एकच प्रश्न विचारून मिळालेलं उत्तर म्हणूनच अर्धवट राहतं.

हे टक्के म्हणजे माझ्या आईच्या जगण्याची शक्यता का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

ते टक्के ज्या रुग्णांवरून काढले, त्यांना इमॅटिनिब, म्हणजे जिस्टवर दिली जाणारी गोळी, मिळालेलं नव्हतं. लहान आतड्याच्या अभ्यासाच्या शीर्षकातच "इमॅटिनिबच्या आधीचे रुग्ण" असं म्हटलं आहे. त्या काळी ऑपरेशन हाच उपाय होता आणि आजार परत आला तर हाताशी फारसं काही नव्हतं. गाठीला औषध न देता तिच्या मनाप्रमाणे वागू दिलं तर ती काय करेल, याचं ते चित्र आहे.

मग आजही तो तक्ता का वापरतात? कारण गोळी कोणाला द्यायची हे ठरवायला नेमकी हीच माहिती लागते. ज्याचा धोका जास्त त्याला गोळी, ज्याचा अगदी कमी त्याला नुसती नजर. तक्त्यातला मोठा आकडा म्हणजे "या माणसाला उपचाराची गरज आहे" असा निरोप असतो. तो किती वर्षं उरली याचा हिशेब समजून लोक हातपाय गाळतात, तेव्हा फार वाईट वाटतं. त्याच आकड्यामुळे त्यांना असं औषध मिळणार असतं, जे तक्त्यातल्या रुग्णांना मिळालं नव्हतं.

त्याच आकाराची गाठ लहान आतड्यात जास्त त्रासदायक का?

पहिलं कारण कोणालाही सुचेल. लहान आतड्यातली गाठ उशिरा सापडते. घशातून घातलेली नेहमीची एंडोस्कोपी ड्युओडेनमच्या पुढे जात नाही आणि खालून केलेली कोलोनोस्कोपी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंतच पोचते. मधलं सगळं आतडं दोन्ही दुर्बिणींच्या नजरेबाहेर राहतं. ही गाठ बाहेरच्या बाजूला वाढत जाते, त्यामुळे अन्नाची वाट लवकर अडत नाही. थोडं थोडं रक्त जात राहतं, हिमोग्लोबिन उतरतं, माणूस लोहाच्या गोळ्या घेत राहतो. कधी अचानक आतडं अडकतं किंवा पोटात रक्तस्राव होतो आणि तेव्हा निदान होतं.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. उशिरा सापडली म्हणजे मोठी होऊन सापडली. तक्ता मात्र सारख्या आकाराच्या गाठींची तुलना करतो आणि तरी फरक उरतो. याचा अर्थ गाठींच्या जातीतच काही वेगळं आहे. किट जनुकातल्या एक्सॉन ९ या भागातला बदल प्रामुख्याने आतड्यातल्या गाठींत दिसतो. पीडीजीएफआरए या जनुकातला बदल प्रामुख्याने जठरातल्या गाठींत दिसतो आणि अशा गाठी बहुतेक संथ असतात. दिसायला सारख्या असलेल्या गाठी आतून सारख्या नसतात.

त्यात लहान आतड्याची भिंत पातळ. तिथली गाठ ऑपरेशनआधी किंवा ऑपरेशनमध्ये फुटण्याचं प्रमाण जठरापेक्षा जास्त आहे, आणि फुटणं किती महागात पडतं ते पुढे येईलच.

म्हणजे लहान आतड्याचा जिस्ट नेहमीच वाईट?

हे विधान आता पूर्वीइतक्या ठामपणे करता येत नाही. अमेरिकेच्या सीअर या कर्करोग नोंदणीतल्या रुग्णांचा एक अभ्यास झाला. त्यात वय, आकार वगैरे बाबतींत एकमेकांशी जुळणारे जठराचे आणि लहान आतड्याचे रुग्ण निवडून तुलना केली, तेव्हा दोघांच्या जगण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. अभ्यासकांनी शीर्षकातच जुन्या समजुतीचा फेरविचार करायला हवा असं म्हटलं.

जुना तक्ता आणि हा अभ्यास एकमेकांना खोटं पाडत नाहीत, असं माझं मत आहे. तक्ता सांगतो की ऑपरेशननंतर औषध दिलं नाही तर आतड्यातली गाठ जास्त वेळा परत येते. नोंदणीतले रुग्ण इमॅटिनिबच्या काळातले आहेत. ज्यांचा आजार परत येण्याची भीती जास्त त्यांनाच गोळी मिळते, आणि परत आलेला आजारही गोळीने वर्षानुवर्षं आवरता येतो. आजार परत येणं आणि त्याने माणूस जाणं यांतलं अंतर औषधाने वाढवलं, तेव्हा जागेचा फरकही जगण्याच्या आकड्यात फिका पडणारच.

जठरात आहे, मग निर्धास्त राहू का?

गाठ लहान आणि संथ असेल तर बरंचसं. वेगवान असेल तर नाही. वरचे ५५ आणि ८६ टक्के जठराचेच आहेत.

जठराच्या आतही जागेजागेत थोडा फरक आहे. मिएटिनेन यांच्या अभ्यासात जठराच्या खालच्या टोकाच्या, म्हणजे अँट्रममधल्या गाठींचं पुढचं चित्र चांगलं दिसलं. वरचा घुमट, म्हणजे फंडस, आणि अन्ननलिका जठराला मिळते ते तोंड इथल्या गाठींचं तुलनेने कमी चांगलं. पण उपचार ठरवताना हा फरक आकार आणि माइटोटिक रेटच्या मागेच उभा राहतो. अन्ननलिकेच्या तोंडापाशी गाठ असेल तर ऑपरेशन कसं करायचं यावर मात्र जागेचा मोठा परिणाम होतो. एरवी जठरातल्या गाठीसाठी गाठीपुरता पाचरीसारखा तुकडा काढला तरी भागतं आणि बाकीचं जठर शाबूत राहतं. तोंडापाशी तसं सहज जमत नाही.

एंडोस्कोपीत दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. काढायलाच हवी का?

लगेच काढायलाच हवी असं नाही. जठरातली २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असेल आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये काही संशयास्पद दिसत नसेल, तर ठरावीक काळाने पुन्हा तपासत राहणं हा मान्य मार्ग आहे. अशा बारक्या गाठी आपल्या कल्पनेपेक्षा खूप जास्त लोकांच्या जठरात असतात. जर्मनीतल्या एका शवविच्छेदन अभ्यासात पन्नाशीपुढच्या २२.५ टक्के लोकांच्या जठरात सूक्ष्म जिस्ट सापडले. त्यातल्या बहुतेक गाठी कधीच वाढत नाहीत.

हाच न्याय लहान आतड्याला किंवा गुदाशयाला लावू नका. तिथे लहान गाठही सहसा काढतात, कारण तिच्यावर नजर ठेवणं अवघड आणि तिच्या वागण्याची खात्री कमी.

ड्युओडेनममधल्या गाठीबद्दल डॉक्टर इतके सावध का असतात?

कारण तिथे दाटी आहे. ड्युओडेनम स्वादुपिंडाला मिठी मारून बसलेलं असतं, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी तिथेच उघडतात. गाठ त्या तोंडाजवळ असेल तर व्हिपल हे मोठं ऑपरेशन करावं लागू शकतं. त्यात ड्युओडेनमबरोबर स्वादुपिंडाचं डोकं आणि पित्तनलिकेचा भागही जातो. गाठ सोयीच्या बाजूला असेल तर तेवढाच तुकडा काढून शिवता येतं. जिस्ट लसिकाग्रंथींमध्ये सहसा जात नसल्यामुळे स्वच्छ कडा मिळत असतील, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला गाठीच्या पेशी नसतील, तर जास्त कापून आयुष्य वाढत नाही. म्हणून जिथे लहान ऑपरेशन सुरक्षितपणे होऊ शकतं, तिथे ते निवडणं म्हणजे तडजोड नव्हे.

धोक्याचं म्हणाल तर संथ आणि २ ते ५ सेंटिमीटरच्या गाठीला ड्युओडेनममध्ये ८.३ टक्के, जठरात १.९.

गुदाशयात असेल तर?

आकडे ड्युओडेनमच्या आसपासचे आहेत. संथ, २ ते ५ सेंटिमीटरला ८.५ टक्के. पण गुदाशयात गाठ वेगवान असेल तर ती लहान असूनही धोका ५० टक्क्यांच्या वर जातो. तिथे आकाराने लहान म्हणून दिलासा घेता येत नाही.

रुग्णाला जास्त भेडसावणारी गोष्ट वेगळी असते. शौचावरचा ताबा राहील का? पोटावर कायमची पिशवी लागेल का? ओटीपोटाच्या खोल, अरुंद जागेत स्वच्छ कडा ठेवून गाठ काढणं आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू वाचवणं कठीण जातं. इथे इमॅटिनिबचा फार मोठा उपयोग होतो. ऑपरेशनआधी गोळी सुरू करून, साधारण सहा महिने ते वर्षभर गाठ आकसू देतात आणि मग काढतात. ज्याला आधी पिशवी अटळ वाटत होती, अशा काही रुग्णांचं गुदद्वार यामुळे वाचतं. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी "आधी गोळी देऊन पाहता येईल का" हा प्रश्न जरूर विचारा. ड्युओडेनम आणि जठराचं तोंड इथल्या गाठींनाही तो लागू आहे.

मात्र आधी गोळी द्यायची तर आधी बायोप्सी आणि जनुकीय तपासणी हवी. काही बदल इमॅटिनिबला जुमानतच नाहीत. ते माहीत नसताना सहा महिने वाट पाहणं म्हणजे सहा महिने गमावणं.

अन्ननलिका, मोठं आतडं किंवा आतड्याबाहेरची गाठ?

या गाठी इतक्या थोड्या आहेत की त्यांच्यासाठी स्वतंत्र, भरवशाचा तक्ता बनत नाही. धोका ठरवताना त्यांना सहसा लहान आतड्याचेच कडक निकष लावतात. ओमेंटममधल्या गाठीला मात्र जठराचे लावतात. अन्ननलिकेत जिस्टपेक्षा लायोमायोमा ही साधी, निरुपद्रवी गाठ जास्त आढळते, म्हणून तिथे पॅथॉलॉजीतली खातरजमा विशेष महत्त्वाची.

गाठ फुटली होती असं ऑपरेशन नोटमध्ये लिहिलंय. याचा अर्थ काय?

जागा, आकार, वेग या सगळ्यांवर मात करणारी ही एक गोष्ट आहे. गाठ पोटाच्या पोकळीत फुटली तर तिच्या पेशी पोटाच्या आतल्या अस्तरावर, पेरिटोनियमवर, विखुरतात आणि तिथे पुन्हा गाठी होण्याची शक्यता खूप वाढते. योएन्सू यांच्या पद्धतीत फुटलेली गाठ, मग ती जठरात असो वा कुठेही, थेट जास्त धोक्याच्या गटात जाते. गाठ तुकड्यातुकड्यांनी काढली असेल तरी तेच.

त्याच वेळी उगाच घाबरायचं कारण नाही अशीही एक गोष्ट आहे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमधून सुईने घेतलेली बायोप्सी म्हणजे गाठ फुटणं नव्हे. सुई लावली म्हणून आजार पसरेल या भीतीने आवश्यक बायोप्सी नाकारू नका.

जागेवरून गोळी बदलते का?

थेट नाही. गोळी बदलते ती जनुकातल्या बदलावरून. पण कोणता बदल कुठे सापडतो हे जागेशी बांधलेलं आहे, त्यामुळे संबंध येतोच.

१९९८ मध्ये जपानमध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जिस्टमागे किट जनुकातला बदल असतो. त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा एक्सॉन ११ मधला. तो सगळ्या जागी दिसतो आणि इमॅटिनिबला उत्तम दाद देतो. एक्सॉन ९ साधारण १० टक्क्यांत, बहुतेक लहान आतड्यात. आजार पसरलेला असेल तर अशांना रोज ४०० ऐवजी ८०० मिलिग्रॅम दिल्याने तो जास्त काळ आटोक्यात राहतो. म्हणून लहान आतड्याच्या रुग्णाने आपला एक्सॉन कोणता हे माहीत करून घेतलंच पाहिजे.

जठरात एक उलटा पेच पडतो. पीडीजीएफआरएमधला डी८४२व्ही नावाचा बदल जवळपास जठरापुरताच आहे. ऑपरेशनने निघालेली अशी गाठ सहसा परत त्रास देत नाही. पण आजार पसरलाच तर इमॅटिनिब काम करत नाही. जागा अनुकूल आणि औषध प्रतिकूल. या बदलासाठी अव्हाप्रिटिनिब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याआधी अशा रुग्णांना देण्यासारखं फार काही नव्हतं.

ऑपरेशननंतर गोळी किती वर्षं?

जास्त धोक्याच्या गटात तीन वर्षं हे आजचं मान्य उत्तर आहे. ते आलं स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीतल्या एका चाचणीतून. एका गटाला इमॅटिनिब एक वर्ष दिलं, दुसऱ्याला तीन वर्षं. दहा वर्षांनी एक वर्षवाल्या गटातले सुमारे ६५ टक्के हयात होते, तीन वर्षंवाल्यांतले ७९ टक्के. हे सगळे जास्त धोक्याचे रुग्ण होते, त्यात लहान आतड्याचेही. मघाचे तक्त्यातले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवा, म्हणजे गोळीने काय बदललं ते दिसेल.

बरं वाटतंय म्हणून मध्येच गोळी बंद करू नका. मळमळ, डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे हे त्रास डॉक्टरांना सांगितले तर त्यांवर उपाय असतात.

आजार यकृतात पसरलाय. आता मूळ जागेने काही फरक पडतो का?

पूर्वीपेक्षा खूप कमी. या टप्प्यावर एक्सॉन कोणता, एकूण आजार किती आणि औषधाला प्रतिसाद कसा, यांचं वजन जास्त. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या एका महिला रुग्णाला पहिल्यांदा जिस्टसाठी इमॅटिनिब दिलं गेलं, तिचा आजार पसरलेला होता. त्याआधी पसरलेल्या जिस्टचे रुग्ण बहुधा दीड-दोन वर्षंच जगत. सुरुवातीच्या एका चाचणीत निम्मे रुग्ण ५७ महिन्यांनंतरही हयात होते आणि मोठ्या चाचण्यांमध्ये साधारण पाचातला एक रुग्ण दहा वर्षांचा टप्पा ओलांडून गेला. इमॅटिनिबचा असर कमी झाला तर सुनिटिनिब, मग रेगोराफेनिब, मग रिप्रेटिनिब अशी पुढची पायरी असते.

स्कॅनबद्दल एक सूचना. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यांत गाठ लहान दिसेलच असं नाही. ती आतून मरते, पातळ होते आणि कधीकधी जराशी फुगलेलीही दिसते. फक्त सेंटिमीटर पाहून "औषध लागू पडत नाही" असं ठरवू नका. रेडिओलॉजिस्ट गाठीची घनता पाहतात.

माझी मुलगी विशीतली आहे, जठरात अनेक गाठी आहेत. तिला हाच तक्ता लागू आहे?

नाही, आणि हे तिच्या डॉक्टरांशी स्पष्ट बोला. लहान वयात, विशेषतः मुलींमध्ये, जठरात एकाहून जास्त जिस्ट असतील तर ते बहुधा एसडीएच या एन्झाइमच्या कमतरतेमुळे झालेले असतात. त्यांत किट किंवा पीडीजीएफआरएचा बदल नसतो, ते लसिकाग्रंथींमध्ये जाऊ शकतात आणि इमॅटिनिबला फारसे वाकत नाहीत. तरीही ते अतिशय सावकाश वाढतात. यकृतात गेलेला आजार घेऊनही अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात. माइटोटिक रेटवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. हा बदल काही वेळा घराण्यात चालत आलेला असतो, म्हणून जनुकीय सल्ला घ्यावा.

लहान आतड्यात अनेक गाठी आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ चा विचार करतात. त्यांचंही गणित निराळं आणि इमॅटिनिबचा उपयोग कमी.

रिपोर्टात नेमकं काय शोधू?

गाठ कुठली, सेंटिमीटरमध्ये केवढी, माइटोटिक रेट किती आणि तो ५ चौरस मिलिमीटरमध्ये मोजलाय का, गाठ अखंड निघाली का, कडा स्वच्छ आहेत का, आणि गाठ जिस्टच आहे का हे पाहणाऱ्या किट व डॉग-१ या तपासण्यांचा निकाल. जनुकीय तपासणी वेगळी मागावी लागू शकते. माइटोटिक रेट मोजायला नजर आणि चिकाटी लागते आणि ४ की ६ यावर तीन वर्षांची गोळी ठरू शकते. आकडा सीमारेषेवर असेल तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, घेऊन सार्कोमा पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घेण्यात संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

ऑपरेशननंतर किती काळ तपासत राहायचं?

जास्त धोका असेल तर गोळी चालू असताना साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी. गोळी थांबल्यावर पहिली दोन-तीन वर्षं अधिक काटेकोर, कारण आजार परत येणार असेल तर बहुतेकदा याच काळात येतो. कमी धोक्याच्या गाठीला अंतर जास्त ठेवतात, आणि अगदी लहान, संथ गाठ असेल तर नियमित स्कॅनची गरज आहे का हेच डॉक्टर आधी पाहतात. बघायचं असतं यकृत आणि पोटाचं अस्तर. गाठ मुळात गुदाशयात असेल तर ओटीपोटाचा एमआरआय अधिक स्पष्ट चित्र देतो.